आधीच लावलेला निकाल



वंशवाद, जातिभेद, धर्मांधता या विषयांवर आपण एकमेकांना बरेच लिहितो. मीही लिहिले आहे. अशा लिखाणात चूक बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाची तरी असते : एखाद्या पक्षाची, पोलिसांची, देशातल्या सरकारची, नाहीतर मंडळातल्या 'त्या' लोकांची. आज मी स्वतःच्या चुकीबद्दल लिहिते आहे. त्यातून जे थोडेफार शिकले ते तुमच्यापुढे ठेवावे, एवढाच हेतू.

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. संध्याकाळी सहाच्या सुमारास मी घरी एकटीच होते. मुलगी सरावाला गेली होती, बाबा (ते भारतातून सहा महिन्यांसाठी आले होते) फिरायला बाहेर पडले होते. दाराची बेल वाजली. मी फोनवर दारावरच्या कॅमेऱ्यातले चित्र पाहिले. एक उंच, काळा मुलगा, अंगात हुडी, हातात काहीतरी. मी दार उघडले नाही. तो थोडा थांबला, मग पायऱ्या उतरून शेजारच्या घराकडे वळला. मी कडी पुन्हा तपासली आणि आमच्या सबडिव्हिजनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोसकट मेसेज टाकला : काळा मुलगा, हुडी, घरोघरी बेल वाजवतोय, कोणी ओळखतं का, सगळ्यांनी काळजी घ्या. पाच मिनिटांत पंधराएक अंगठे आले. 'थँक्स फॉर द अलर्ट' आले. कोणीतरी पोलिसांना फोन केल्याचेही कळवले. मला बरे वाटले. आपण जबाबदार शेजारी आहोत असे वाटले.

मुलगी सव्वासातला परतली तेव्हा तिने बाहेर पोलिसांची गाडी पाहिली होती. मी तिला फोटो दाखवला. ती बघतच राहिली.

"आई, हा माझ्या ऑर्केस्ट्रात आहे. व्हायोला वाजवतो. मागच्या कॉन्सर्टचा तू व्हिडिओ काढलास ना, त्यात माझ्या पुढच्या रांगेत हाच आहे."

त्याच्या हातातले 'काहीतरी' म्हणजे क्लिपबोर्ड होता. शाळेचा ऑर्केस्ट्रा दरवर्षी निधी जमवण्यासाठी संत्र्यांच्या पेट्यांच्या ऑर्डरी घेतो, त्याचा फॉर्म. तोच फॉर्म मुलीच्या नावाचा आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला होता. आमच्या मुलीला घरोघरी जावे लागले नव्हते, कारण तिच्या ऑर्डरी मी लॅबमध्ये सहकाऱ्यांकडून घेऊन टाकल्या होत्या.

पोलीस सभ्यपणे वागले असे नंतर कळले. कोपऱ्यावर थांबवून नाव विचारले, पत्ता विचारला, फॉर्म वाचला, दहा मिनिटांत सोडून दिले. तो आमच्यापासून तीन गल्ल्यांवर राहतो. वय पंधरा. त्यानंतर त्या संध्याकाळी तो एकाही घरी गेला नाही.

कोणाला काही झाले नाही, असे म्हणून हा विषय मी संपवू शकले असते. ग्रुपवर तसेच झाले. 'बरं झालं, आपलाच मुलगा निघाला' असा एक मेसेज आला आणि मग दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी सुरू झाल्या. पण 'आपलाच निघाला' या शब्दांनी मला झोप लागेना. तो आपला 'निघाला' नव्हता, तो पहिल्यापासून इथलाच होता. मी निकाल आधी लावला होता आणि पुरावा नंतर आला होता.

आमचे मॉरिसव्हिल

ज्यांना आमचे गाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. रॅले आणि डरहॅम यांच्या मधोमध, विमानतळ आणि रिसर्च ट्रँगल पार्क यांच्या कुशीत हे गाव आहे. २००० च्या जनगणनेत लोकसंख्या ५,२०८ होती, २०१० मध्ये १८,५७६ झाली, २०२० मध्ये २९,६३०. त्यातले जवळजवळ निम्मे लोक आशियाई वंशाचे आणि त्यांतही भारतीय सर्वांत जास्त. इथे देऊळ आहे, इडलीचे पीठ मिळते, आणि चर्च स्ट्रीट पार्कच्या मैदानावर २०२३ मध्ये मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले. कृष्णवर्णीय साधारण दहातला एक. शायलो ही कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती याच गावात आहे. आपल्यातला पहिला माणूस इथे घर घेण्याच्या कितीतरी आधीपासून ती आहे. मी या गावात अकरा वर्षे राहते, आणि शायलोचा इतिहास मी या घटनेनंतर विचारला. त्याआधी तो माझ्यासाठी रस्त्यावरचा एक शब्द होता.

बाहेरून पाहणाऱ्याला आमचे गाव विविधतेचा नमुना वाटते. दुकानात, शाळेत, ग्रीनवेवर सगळे रंग दिसतात. पण एकमेकांच्या घरी कोण जाते? मी एकदा प्रामाणिकपणे मोजून पाहिले. अमेरिकेत माझी वीसहून जास्त वर्षे झाली. या काळात माझ्या घरी जेवायला आलेली कृष्णवर्णीय माणसे : एक. ती माझी लॅबमधली सहकारी. मराठी माणसे किती, याची मोजदाद शक्य नाही.

मग एकाच माणसाच्या आधारावर माझे एवढे पक्के मत कुठून आले? शोधत गेले तर आठवले. मी पीएचडीसाठी आले तेव्हा विमानतळावर घ्यायला आलेल्या आपल्याच सीनियर मुलांनी पहिल्या तासाभरात तीन गोष्टी शिकवल्या होत्या : बँकेत खाते कुठे उघडायचे, मसाला कुठे मिळतो, आणि स्टेशनच्या पलीकडच्या बाजूला का जायचे नाही. 'तिथे कल्लू राहतात.' त्या मुलांना हे त्यांच्या सीनियरांनी सांगितले होते. प्रेशर कुकर, गादी आणि हे ज्ञान, तिन्ही एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे वापरलेल्या अवस्थेत येत होते. यातल्या कोणीही त्या बाजूला जाऊन पाहिले नव्हते. विज्ञानात याला ऐकीव माहिती म्हणतात, आणि ऐकीव माहितीवर कोणी पेपर छापत नाही. मी मात्र त्यावर वीस वर्षे जगले.

पुढे मीही तेच केले. नवीन येणारी मराठी कुटुंबे घर घेताना मला विचारतात. मी किती जणांना सांगितले असेल, "डरहॅम नको, शाळा बऱ्या नाहीत." डरहॅमच्या एकाही शाळेत माझे पाऊल पडलेले नाही. शाळेचे रेटिंग मी वेबसाइटवर पाहिले होते आणि त्या रेटिंगमध्ये शिकवण्यापेक्षा पालकांच्या उत्पन्नाचे प्रतिबिंब जास्त असते, हे मला ठाऊक होते. आपल्याकडे कोणी 'काळे नकोत' असे म्हणत नाही. आपण 'एरिया चांगला नाही' म्हणतो. पुण्यामुंबईत 'लोकॅलिटी आपल्यासारखी नाही' म्हणतात, तसेच.

त्या आईने काय सांगितले

तीन दिवसांनी धीर करून मी त्या मुलाच्या घरी गेले. सोबत काही नेले नाही, नेण्यासारखे काय असणार? त्याच्या आईने दार उघडले. आत या म्हणाली नाही, पण बाहेर पोर्चमध्ये आली. तो मेसेज मीच लिहिला होता, मला त्याची लाज वाटते, असे मी सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले,

"संध्याकाळी एक वयस्कर गृहस्थ कानटोपी घालून फिरतात, हात मागे बांधून, ते तुमचे वडील का?"

मी हो म्हटले.

"मी त्यांना रोज हात करते. ते कधीकधी लोकांच्या अंगणातली फुलं वाकून बघतात. कोणी पोलिसांना फोन केला नाही ना त्यांच्यासाठी?"

"नाही."

"करणारही नाहीत. कारण इथे तुमची माणसं भरपूर आहेत. फिरणारे आजोबा म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत आहे. माझा मुलगा याच गल्लीत लहानाचा मोठा झाला, पण तो काय आहे हे कोणाला माहीत नाही."

ती रागाने बोलत नव्हती. दमलेल्या माणसासारखी बोलत होती. निघताना तिने मुलाला बाहेर बोलावले नाही आणि मीही तशी अपेक्षा केली नाही. त्याने मला माफ करावे, हे त्याच्यावर आणखी एक काम टाकण्यासारखे झाले असते.

घरी येताना मला अलाबामातली घटना आठवली. तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. फेब्रुवारी २०१५, मॅडिसन नावाचे गाव. गुजरातमधून नातवाला सांभाळायला आलेले ५७ वर्षांचे एक आजोबा सकाळी मुलाच्या घराबाहेर फिरत होते. एका शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला आणि वर्णन सांगितले : एक बारीक काळा माणूस, डोक्याला टोपी. पोलीस आले. आजोबांना इंग्रजी येत नव्हते. एका पोलिसाने त्यांना असे जमिनीवर आपटले की मानेला गंभीर इजा होऊन त्यांना अंशतः पक्षाघात झाला. पुढे त्या पोलिसावर खटला चालला. दोनदा ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडले.

त्या वेळी आपण सगळे संतापलो होतो. मंडळांनी निषेध केले, पत्रे लिहिली. मीही सही केली होती. आमचा संताप 'एका भारतीय आजोबांना असे वागवले' याबद्दल होता. फोन करणाऱ्याच्या नजरेत ते भारतीय नव्हतेच, ते 'काळा माणूस' होते, या भागावर आम्ही फार रेंगाळलो नाही. रेंगाळलो असतो तर कळले असते की ज्या जाळ्यात ते अडकले ते त्यांच्यासाठी विणलेलेच नव्हते. आणि ते जाळे ज्यांच्यासाठी विणले आहे त्यांच्यावर ते टाकायला आपणही हातभार लावतो. माझा मेसेज आणि त्या शेजाऱ्याचा फोन यांतला मजकूर मी शेजारी शेजारी ठेवून पाहिला. रंग, कपडे, आणि 'फिरतोय'. चौथे काही नाही.

बाबांना मी सगळे सांगितले. ते सांगलीला बँकेतून निवृत्त झालेले, मोजके बोलणारे. म्हणाले, "माझ्या आजीकडे न्हाणीजवळच्या कोनाड्यात एक कपबशी वेगळी असायची. ती कोणाची हे आम्ही कधी विचारलं नाही. माहीत होतं. तुला कोणी शिकवलं नाही म्हणतेस, आम्हाला तरी कोणी शिकवलं होतं?"

आडनाव आणि रंग

बाबांचे म्हणणे मला महत्त्वाचे वाटते. माणूस समोर आला की दोन सेकंदांत त्याला खणात टाकण्याची सवय आपण अमेरिकेत शिकलेलो नाही. ती आपण सोबत घेऊन आलो. तिथे खुणा वेगळ्या होत्या : आडनाव, गाव, बोलण्याची ढब, डब्यातले जेवण. 'आडनाव काय तुमचं?' हा आपल्याकडचा सर्वांत निरागस वाटणारा आणि सर्वांत कामाचा प्रश्न. उत्तर ओळखीचे नसले तर पुढचा प्रश्न, 'मूळचे कुठले?' ही चाळणी इथल्या गणेशोत्सवातही चालते, हे आपल्याला माहीत आहे.

दोन अभ्यास इथे सांगण्यासारखे आहेत. अमेरिकेत मरिआन बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लईनाथन यांनी शिकागो आणि बोस्टनमधल्या नोकऱ्यांच्या जाहिरातींना बनावट अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक नावाचा : काही नावे गोरी वाटणारी, काही कृष्णवर्णीय वाटणारी. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की गोऱ्या नावांना मुलाखतीसाठी सुमारे ५० टक्के जास्त वेळा बोलावणे आले. भारतात सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी असाच प्रयोग खासगी कंपन्यांवर केला, तो २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. तिथे उच्चवर्णीय हिंदू आडनावाच्या तुलनेत बोलावणे येण्याची शक्यता दलित आडनावाला साधारण दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला एक-तृतीयांश निघाली. दोन्ही ठिकाणी अर्ज चाळणारी माणसे सुशिक्षित होती. त्यांतल्या कोणालाही विचारले असते तर 'आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो' असेच उत्तर मिळाले असते. मीही दिले असते.

आपल्या पूर्वसुरींना हा संबंध दिसला होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली तेव्हा ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या निग्रोंच्या प्रश्नात आणि अस्पृश्यांच्या प्रश्नात साम्य असल्याचे म्हटले. १९७२ मध्ये मुंबईत तरुण दलित लेखकांनी संघटना काढली तेव्हा ब्लॅक पँथरवरून तिचे नाव घेतले. पुण्यामुंबईत बसून ज्यांना हे कळले होते, ते इथे राहून आपल्याला कळू नये, हे आश्चर्य आहे.

आणखी एक हिशेब. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून नागरिकत्वाला पात्र नाही असा निकाल दिला. १९४६ मध्ये तो अडसर दूर झाला तरी भारतासाठी कोटा वर्षाला १०० जणांचा. आपल्यासाठी दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९६५ च्या कायद्याने, आणि तो कायदा १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या पाठोपाठ, त्याच चळवळीच्या रेट्यात झाला. दार उघडण्यासाठी मार खाल्ला तो इथल्या कृष्णवर्णीयांनी. त्यांच्यापैकी एकाच्या नातवाने किंवा पणतवाने बेल वाजवली तेव्हा मी कडी लावली.

'पण काळजी घ्यायला नको का?'

हा प्रश्न मला मैत्रिणींनी विचारला. एकट्या बाईने अनोळखी माणसाला दार उघडावे का? नाही उघडले तरी चालेल. तो ज्याचा त्याचा निर्णय आहे. मी दार उघडले नाही यात माझी चूक नव्हती. पुढे जे लिहिले त्यात होती. त्याच महिन्यात छप्पर दुरुस्तीचे कंत्राट विकणारा एक गोरा तरुण आमच्याकडे दोनदा येऊन गेला. त्यालाही मी दार उघडले नाही, पण त्याचा फोटो ग्रुपवर टाकावा असे माझ्या मनातही आले नाही.

दुसरा युक्तिवाद आकड्यांचा असतो. 'गुन्हेगारीचे आकडे बघ की.' यावर मी माझ्या व्यवसायाच्या भाषेत उत्तर देते. एखादी चाचणी शंभर वेळा धोक्याची घंटा वाजवते आणि शंभरही वेळा काहीच सापडत नाही, तर आम्ही ती चाचणी फेकून देतो. अकरा वर्षांत माझ्या दारावर आलेले कृष्णवर्णीय तरुण म्हणजे पार्सल देणारे, हिरवळ कापणारे, मतदानासाठी प्रचार करणारे आणि हा व्हायोलावाला. त्यांच्यापैकी किती जणांनी मला त्रास दिला? शून्य. माझ्या डोक्यातली घंटा मात्र दर वेळी वाजत आली. प्रश्न 'देशात गुन्हे कोण करते' हा नसतो. संध्याकाळी सहाला, उजेडात, क्लिपबोर्ड घेऊन, कॅमेऱ्यासमोर उभे राहून बेल वाजवणाऱ्यांपैकी किती जण चोर असतात, हा असतो.

आणि चुकीच्या घंटेची किंमत कोण मोजते? लॅबमध्ये चाचणी चुकली तर मी ती पुन्हा करते, एक दुपार वाया जाते. इथे माझ्या चुकीची किंमत पंधरा वर्षांच्या मुलाने मोजली. पोलिसांच्या गाडीचे दिवे पाहून त्याला काय वाटले असेल, याची कल्पना मला करता येते, कारण २०२० च्या उन्हाळ्यात मिनिआपोलिसचा तो व्हिडिओ पाहून मीच माझ्या प्रोफाइलवर काळा चौकोन लावला होता.

तिसरा युक्तिवाद : 'तेही आपल्याबद्दल वाईटच बोलतात.' काही जण बोलतात. पोर्चमधल्या बोलण्यात ती आईही म्हणाली होती की इथले भारतीय लोक नमस्काराला उत्तर देत नाहीत, शिष्ट असतात, असे तिनेही ठरवून टाकले होते. माझ्यापुरते ते खोटे आहे असे मला म्हणता आले नाही. पण दोन्ही पूर्वग्रह एका तागडीत घालता येत नाहीत. तिने मला शिष्ट ठरवले म्हणून माझ्या घरासमोर पोलीस आले नाहीत.

डरहॅम, १९७१

मग पूर्वग्रह जातो कसा? व्याख्यानाने फारसा जात नाही. संस्थांमधून होणारी एका दिवसाची प्रशिक्षणे मी स्वतः केली आहेत, प्रमाणपत्रेही आहेत. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच लिहून ठेवले की नुसते शेजारी राहून काही होत नाही. बरोबरीच्या नात्याने, समान उद्दिष्टासाठी, एकमेकांच्या मदतीने काम करावे लागते आणि त्याला संस्थेचा पाठिंबा लागतो. २००६ मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा संपर्काने पूर्वग्रह कमी होतो हे सर्वसाधारणपणे खरे निघाले.

याचे सर्वांत चांगले उदाहरण आमच्यापासून वीस मिनिटांवर घडले, ज्या गावात जाऊ नका असे मी सांगत होते त्या गावात. १९७१ मध्ये डरहॅममध्ये न्यायालयाच्या आदेशाने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा एकत्र होणार होत्या. तणाव होता. बिल रिडिक नावाच्या संघटकाने दहा दिवसांची जाहीर बैठक घेतली आणि तिचे दोन सहअध्यक्ष नेमले : ॲन ॲटवॉटर ही घरकाम केलेली, गरिबांच्या घरांसाठी लढणारी कृष्णवर्णीय कार्यकर्ती, आणि सी. पी. एलिस, पेट्रोल पंप चालवणारा गोरा, कू क्लक्स क्लॅनच्या स्थानिक शाखेचा प्रमुख. दोघे एकमेकांचा मनापासून द्वेष करत होते. सुरुवातीला बोलतही नव्हते. मग दोघांच्या लक्षात आले की आपण एकत्र बसतो म्हणून दोघांच्याही मुलांना शाळेत टोमणे ऐकावे लागतात. दोघेही गरीब होते, दोघांच्याही मुलांच्या वाट्याला पडक्या शाळा होत्या. दहाव्या दिवसाच्या शेवटी एलिसने सर्वांसमोर क्लॅनचे सभासदत्वाचे कार्ड फाडले. त्याच्या जुन्या मित्रांनी त्याला टाकले. पुढे तो कामगार संघटनेचा कार्यकर्ता झाला. त्या संघटनेत कृष्णवर्णीय कामगार मोठ्या संख्येने होते. २००५ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या अंत्यविधीला ॲटवॉटर बोलली. ती २०१६ मध्ये गेली.

ही गोष्ट गोड करून सांगायची नाही. दहा दिवसांत डरहॅम बदलले नाही. हेटाय ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती 'शहरी पुनर्रचने'च्या नावाखाली पाडली गेली आणि तिच्यातून फ्रीवे काढला, त्यावरूनच आपण डाउनटाउनला जेवायला जातो. पण एवढे मात्र खरे की ती दोन माणसे चांगल्या विचारांची पुस्तके वाचून बदलली नाहीत. त्यांना एक काम करायचे होते आणि ते एकमेकांवाचून होणार नव्हते.

मी काय करते आहे

मोठे काही नाही. चार साध्या गोष्टी.

एक. ग्रुपवर कोणाबद्दल लिहायचे झाले तर तो माणूस काय करतो आहे ते लिहायचे, कसा दिसतो ते नाही. 'कोणीतरी गाडीचे दार उघडून पाहत आहे' ही बातमी आहे. 'काळा मुलगा फिरतोय' ही बातमी नाही. रंग काढल्यावर वाक्यात काही उरत नसेल तर मेसेज पाठवायचा नाही. हे मी ग्रुपवर माझी चूक सांगून लिहिले. दोघांनी ग्रुप सोडला, तिघींनी मला वेगळा फोन करून 'बरं झालं बोललीस' म्हटले. ग्रुपवर मात्र त्या तिघी बोलल्या नाहीत.

दोन. घराबद्दल विचारणाऱ्यांना 'एरिया चांगला नाही' हे शब्द सांगायचे नाहीत. मला जे माहीत आहे ते सांगायचे, जे माहीत नाही त्याला 'माहीत नाही' म्हणायचे.

तीन. मुलांसमोर 'कल्लू' हा शब्द उच्चारला गेला तर तिथल्या तिथे थांबवायचे, मग तो पाहुणा कितीही वडीलधारा असो.

चार. मी ऑर्केस्ट्राच्या पालक समितीत काम करू लागले आहे. खुर्च्या लावणे, पेट्या मोजणे, गाडीत भरणे. डिसेंबरमध्ये संत्री आली तेव्हा त्या मुलाची आई आणि मी एका टेबलावर होतो. चार तासांत आमचे बोलणे बहुतेक संत्र्यांबद्दलच झाले. एका पेटीतली फळे खराब निघाली, ती कोणाच्या नावावर टाकायची यावर वाद झाला, तिचे म्हणणे बरोबर होते. आम्ही मैत्रिणी झालो असे मी म्हणणार नाही. ती मला नावाने हाक मारते, मी तिला मारते.

त्या दिवशी तो मुलगाही पेट्या उचलायला होता. आमच्या नावची पेटी त्याने गाडीपर्यंत आणून दिली. बाबा पुढच्या सीटवर बसले होते. तो त्यांच्याकडे बघून हसला, बाबांनी हात वर केला. माझ्याकडे त्याने पाहिले नाही. त्याला तो हक्क आहे.

मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना